न उगवलेले जंतू

वाशिमच्या प्रयोगशाळेत माझ्याकडे खोटे नमुने बनवायचं काम होतं. निरोगी माणसाची लघवी गाळून निर्जंतुक करायची, तिच्यात ठरावीक जंतू मिसळायचे आणि बाटल्या तालुक्यांच्या तीन लॅबना पाठवायच्या. आत कोणता जंतू आहे ते फक्त मला ठाऊक. त्यांनी तो ओळखला, तर त्यांच्या तपासण्या भरवशाच्या.

त्या खेपेला दोन लॅबनी बरोबर जंतू कळवला. रिसोडच्या तंत्रज्ञाने लिहिलं, ‘वाढ नाही.’ माझं डोकंच सणकलं. फोन लावला.

“बाटली उघडली तरी का तुम्ही?”

“उघडली ना मॅडम. दोनदा प्लेटवर लावून पाह्यली. काहीच नाही उगवलं.”

“अहो, लाखो जंतू घातलेत मी त्यात!”

“असतीन. पन मले दिसलेच नाही तं लिहू कसं?”

दुसऱ्या दिवशी त्याला रंगेहाथ पकडायला एसटीने निघाले. वाटेतल्या रिठदपर्यंत उभीच होते, त्यामुळे रागही उतरला नाही. त्याने जंतू वाढवायच्या प्लेटा समोर मांडल्या. प्रत्येकीवर तारीख, प्रत्येक कोरी. शेजारी एका पेशंटच्या नमुन्याची प्लेट, जंतूंनी भरलेली.

“माझंच काही चुकलं का म्हून हीबी लावली. हे तं उगवून राह्यलं.”

परत येऊन त्याच खेपेतली राखून ठेवलेली बाटली तपासायला लावली. पाठवण्यापूर्वीच तपासायची असते, घाईत मी ते टाळलं होतं. दुसऱ्या दिवशी माझीही प्लेट कोरी. मग लख्ख आठवलं: लघवी माझीच होती, आणि त्या आठवड्यात दाढेसाठी मी अँटिबायोटिक घेत होते. औषध लघवीत उतरलं आणि सगळे जंतू मेले.

मग बाकीच्या दोघांना दिसलं तरी काय? एकाला विचारलं.

“लघवीत नेहमी तोच तं निंघते मॅडम. देल्ला लिहून.”

कपाळावर हात मारून घेतला. साहेबांकडे गेले, म्हटलं, ही खेप रद्द करा.

“आता? तीनपैकी दोन बरोबर, असा अहवाल वर गेलासुद्धा.”

तासभर वाद घातला. शेवटी, चूक माझी आहे असं मी लेखी दिलं, तेव्हा त्यांनी तो मागे घेतला.

रिसोडला फोन करून माफी मागितली.

“जाऊ द्या,” तो म्हणाला. “पन बाटल्या धाडाच्या आंधी एकखेप तुमीबी लावून पाहत जा.”

हो म्हणाले. दुसरं म्हणणार तरी काय होते!