राखाडी तागा

तारीख आठ डिसेंबर, रविवार. रक्कम अकराशे चाळीस रुपये. हजर: मी, बायको, मुलगी आणि कापड दुकानदार. पावणेदोन मीटर, दर साडेसहाशे; हिशेबाने अकराशे साडेसदतीस होतात. वरचे अडीच रुपये दुकानदाराने का घेतले हे मी विचारत होतो, तेवढ्यात मुलीने पैसे दिलेसुद्धा. कापडाचा रंग पिकलेल्या रातांब्याचा, गडद लाल. त्याचा पूर्ण बाह्यांचा शर्ट शिवून तिच्या साखरपुड्याला मी घालायचा, असे ठरले. ठरवले कुणी, ते सांगायला नको.

एकोणीस वर्षांपूर्वी बाजारपेठेतले एक दुकान बंद होत होते. तिथे मी राखाडी कापडाचा अख्खा तागा घेतला. चाळीस मीटर, अठ्ठावीसच्या दराने. एकूण अकराशे वीस. दर वर्षी दोन मीटरचा एक अर्ध्या बाह्यांचा शर्ट. सकाळी कपाटासमोर उभे राहून विचार करायचा नाही. एकोणीस शर्ट झाले, शेवटचे दोन मीटर उरले. साखरपुड्यासाठी तेच शिवायचे माझ्या मनात होते. नवा कोराच शर्ट झाला असता. आता एका शर्टाला माझ्या अख्ख्या ताग्याहून वीस रुपये जास्त!

"बाबा, दुसरीच्या स्नेहसंमेलनापासून माझ्या प्रत्येक फोटोत तुम्ही एकाच शर्टात आहात," मुलगी दुकानाबाहेर म्हणाली. "मी मोठी होत्ये, तुम्ही तसेच. एक तरी फोटो असा हवा, की बाबा माझ्यासाठी तयार होऊन आलेत."

"तयार म्हणजे काय? इस्त्री करतो ना?"

"अहो, इस्त्री मीच करते," बायको म्हणाली.

मी एरवी खोटे बोलत नाही. पण दुसऱ्या दिवशी शिंप्याकडे जाताना पिशवीत दोन्ही कापडे घेतली. राखाडी शिवून घ्यायचे आणि घरी सांगायचे, रातांबी वेळेत झाला नाही. मापाचा म्हणून जुना शर्टही घेतला. आमच्याकडे अंगाचे माप कोण देतो? एक चांगला बसलेला शर्ट नेऊन द्यायचा, 'याप्रमाणे' म्हणायचे, झाले. माझा मापाचा शर्ट या ताग्यातला पहिलाच.

शिंप्याने तो बाजूला ठेवला आणि टेप काढली. "हात वर करा."

"मास्तर, माप दिलंय की."

"ते शर्टाचं. तुमचं घेऊ दे."

मी हात वर केले. अंगातला शर्ट पॅन्टीतून बाहेर आला आणि काखेत उसवला.

"छाती बेचाळीस," तो म्हणाला. "शिवतोय मी अडतिसाने."

"मग इतकी वर्षं बोलला का नाहीत?"

"बोललो नाय कसा? तुम्हीच म्हणालात, मास्तर, तुमचं काम शिवायचं."

म्हटले होते. मला आठवत होते, म्हणून जास्तच राग आला. लग्नकार्यात मी वाढायला पुढे होत नाही, वरच्या फळीवरचा डबा काढत नाही, हा माझा स्वभावच आहे असे घरात सगळे धरून चालले होते. मीसुद्धा.

"राखाडी बेचाळिसाला पुरायचं नाय, पन्हा लहान आहे," शिंपी म्हणाला. "अडतिसानं शिवू? पंक्तीत वाकू नका, म्हणजे झालं."

मुलीच्या साखरपुड्यात खांबासारखे उभे राहायचे, तेही खोटे बोलून. "रातांबी शिवा," मी म्हणालो. असा खेकसलो की जणू चूक त्याचीच होती.

बावीस तारखेला साखरपुड्यासाठी गुहागरला निघालो. जयगडच्या फेरीबोटीत मी रातांबी शर्टावर जाकीट घालून, चेन गळ्यापर्यंत ओढून बसलो होतो. ऊन चांगलेच तापले होते.

"थंडी वाजत्ये का हो?" बायकोने विचारले.

"वारा आहे."

कार्यालयाच्या दारात मुलीने ती चेन खाली ओढली, जाकीट काढून घेतले आणि माझी कॉलर नीट केली. फोटोवाल्याला तिने आधी आम्हा दोघांचाच फोटो काढायला लावला. चौदा दिवस मी धास्तावलो होतो, की सगळे बघतील. कुणी बघितले नाही! व्याह्यांनी तेवढे "शर्ट नवा का?" म्हटले आणि उत्तर न ऐकता पानांची व्यवस्था बघायला गेले. पंक्तीत मी जिलब्यांचे ताट घेऊन दोन वेळा फिरलो. काखेत काहीही उसवले नाही, याचासुद्धा मला राग आला. एकोणीस वर्षांचा.

घरी आल्यावर कापडाचे पैसे मुलीपुढे धरले. ती नको म्हणेल असे वाटले होते.

"द्या," ती म्हणाली. "लग्नासाठी तुमचं कापड यातूनच घेत्ये. पिवळं."

उरलेल्या राखाडीचे बायकोने उशांचे अभ्रे केले. शिलाईचे चारशे ऐंशी शिंप्याला दिले, कापडाचे अकराशे चाळीस मुलीला. ते वरचे अडीच रुपयेसुद्धा शेवटी मीच भरले.