पंखापलीकडची थाप

अमेरिकेतल्या बर्मिंगहॅमच्या किंग्स्टन वस्तीत बोलण्याची एक रीत आहे. डोक्यावरून विमान जायला लागलं की माणसं वाक्य अर्ध्यात सोडतात आणि आवाज ओसरला की तिथूनच पुढे बोलू लागतात. भांडणंसुद्धा अशीच चालतात. नवरा-बायको डोळे वटारून गप्प उभे, आणि विमान उतरलं की अडलेली शिवी पुरी होते. विमानतळ अगदी उशाशी असल्यावर दुसरं करणार काय?

म्हणूनच त्या दुपारी व्हर्डेलच्या काळजात धस्स झालं. ओझेलाच्या घराच्या पुढच्या व्हरांड्यात दोघी मैत्रिणी कोलार्डची पालेभाजी निवडत बसल्या होत्या. विमान छपराला घासून जावं तसं गेलं. व्हर्डेल थांबली. ओझेला मात्र चर्चमधल्या कुणाच्या तरी टोपीला नावं ठेवत बोलतच राहिली.

विमान गेल्यावर व्हर्डेलनं तिच्या कानाला बोट लावलं आणि तोंड समोर आणून विचारलं, "कधीपासून गं?"

ओझेलानं भाजीतून मान वर काढली नाही. "डावा केव्हाच गेला. उजवाही आता निरोप घेतोय. कुणाजवळ बोललीस तर याद राख."

कान कशानं गेले हे दोघींनाही ठाऊक होतं. दुसऱ्या महायुद्धाच्या दिवसांत याच धावपट्टीशेजारच्या कारखान्यात दोघी लागल्या होत्या. विमानाच्या पंखाबाहेर ओझेला पत्र्यात रिव्हेट, म्हणजे जोडखिळे, ठोकायची बंदूक चालवायची. पंखाच्या आत, अंधारात, अंग चोरून बसलेली व्हर्डेल लोखंडी ठोकळा धरून रिव्हेटचं दुसरं टोक चेपायची. मधे पत्रा. हाक मारून उपयोग नाही, इतका गोंगाट. म्हणून व्हर्डेल आतून पत्र्यावर ठोकायची. एक थाप म्हणजे छान बसलं, पुढे चल. दोन म्हणजे अजून थोडं. तीन म्हणजे बिघडलं, काढून टाक. दिवसभर एकमेकींचं तोंडही दिसायचं नाही, पण त्या थापांवरून व्हर्डेलचं बिनसलंय की ती खुशीत आहे, हे ओझेलाला बरोबर कळायचं.

जेवणाच्या सुट्टीत त्याच पंखाखाली या दोघी आणि आणखी दोन बायका अशा चौघी गायला लागल्या. लढाई संपली, बायकांना घरी धाडलं, पण गाणं सुटलं नाही. चौघींपैकी एक पुढे शिकागोला गेली आणि तिच्या जागी क्लॉडीन नावाची तरुण पोरगी आली. साथीला वाद्य नाही, काही नाही. ओझेला घशातून पहिला सूर द्यायची आणि बाकीच्या त्यावर उभ्या राहायच्या. नवरा गेला, मूल झालं नाही. शाळेच्या स्वयंपाकघरातली नोकरी आणि दुखरे गुडघे सोडले, तर तो पहिला सूर एवढंच या बाईचं स्वतःचं होतं.

आणि आता तोच घसरायला लागला होता. तालमीत क्लॉडीन चर्चमधल्या आदराच्या रीतीनं म्हणाली, "सिस्टर ओझेला, परवासुद्धा सूर खाली लागला. आपण गिटारवाला घेऊ या ना. हल्ली सगळेच घेतात."

क्लॉडीन तोंडासमोर उभी होती, म्हणून ओझेलाला ओठांवरून कळलं. "गिटारला कधी आपलं माणूस पुरावं लागलंय का? मग ती कसला सूर देणार?"

"ते तुम्ही ठरवा. पण या रविवारी आपल्या गटाचा वाढदिवस आहे. पुन्हा तसं झालं, तर पुढच्या वेळी मी त्याला घेऊनच येईन."

क्लॉडीन वाईट नव्हती. तिचे कान चांगले होते, एवढाच तिचा दोष.

रविवारी चर्च खच्चून भरलं. खालच्या मजल्यावरून तळलेल्या कोंबडीचा वास येत होता. चौघी पुढे उभ्या राहिल्या, ओझेलानं डोळे मिटले, आणि नेमकं तेव्हाच विमान आलं. सगळं चर्च सवयीनं थांबलं. लोकांच्या हातातले हलणारे पंखेसुद्धा थांबले. जमीन थरथरली असेल, पण ओझेलाचे स्वतःचेच पाय थरथरत होते. तिला काही कळलं नाही आणि तिनं सूर लावला.

क्लॉडीननं डोळे विस्फारले. पुढच्या बाकावरच्या बायकांनी एकमेकींकडे पाहिलं. आता सगळ्यांना कळणार होतं.

व्हर्डेल गायला सरकली ती अगदी ओझेलाला चिकटून, कान तिच्या तोंडाशी नेऊन. तिचा हात ओझेलाच्या पाठीवर गेला. दोन थापा.

ओझेला दचकली. मग तिनं सूर किंचित चढवला. पुन्हा दोन थापा. आणखी चढवला. आता तीन थापा आल्या तर आपण खाली बसायचं, पुन्हा कधी उभं राहायचं नाही, हे तिनं मनाशी ठरवून टाकलं होतं.

पाठीवर एकच थाप पडली.

खालच्या पट्टीत व्हर्डेलचा खर्ज आला, चौथीनं साथ धरली. क्लॉडीन क्षणभर व्हर्डेलच्या हाताकडे बघत राहिली; कारखान्यातल्या थापांची गोष्ट तिनं तालमीत कितीदा ऐकली होती. मग तिनंही सूर मिळवला. विमान दूर गेलं तेव्हा गाणं आधीच पूर्ण भरात होतं, जणू चौघींनी ठरवूनच तसं केलं असावं. लोक उठून उभे राहिले. टाळ्यांतलं ओझेलाला फारसं ऐकू आलं नाही. तिचे गाल ओले झाले होते.

पायऱ्या उतरताना व्हर्डेल पुढे गेली. मागे आणखी एक हात, जरा अवघडलेला, ओझेलाच्या पाठीवर टेकला. तिनं वळून पाहिलं. क्लॉडीन होती.

"सिस्टर ओझेला," ती ओठ नीट हलवत म्हणाली, "तीन थापा म्हणजे काय ते मला शिकवू नका. एक आणि दोन, तेवढं शिकवा."