खोडावरची अळंबी

लाकडावर उगवणाऱ्या अळंबीबद्दल माझं मत वाईट आहे, आणि या वयात ते सुधारायची माझी इच्छा नाही. वारुळावरच्या अळंबीशी माझं भांडण नाही. ती पावसात मातीतून वर येते, दोन दिवस छत्री मिरवते आणि जाते. खोडावरची जात निराळी. पांढरट, दांडा नावालाच, एकीवर एक कौलांसारखी चढलेली, खालून पाहिलं तर पातळ पातळ पडदे. देखणी असते, हे मी नाकारत नाही. पण ती आधी आत शिरून लाकूड खाते आणि पोट भरलं की मग बाहेर तोंड दाखवते. लोणावळ्याच्या एका बंगल्यातल्या बाईंनी मला तिची भाजी मोठ्या कौतुकाने वाढली होती. मी ताट बाजूला सरकवलं. मी सोवळं पाळते असं त्यांना वाटलं, आणि मी ते तसंच वाटू दिलं.

आमचं गाव आंदर मावळात. मी लहान असताना माझे वडील आणि त्यांचा थोरला भाऊ वेगळे निघाले. माझ्या या चुलत्याला तोंडावर मी जन्मभर अहोजाहो केलं. इथे करणार नाही. सागाच्या आढ्याचं जुनं घर त्याने ठेवून घेतलं आणि आम्हाला अंगणापलीकडचा गोठा दिला. वडिलांनी गोठ्याच्या भिंती चढवल्या, चूल मांडली आणि त्याला घर म्हणायला सुरुवात केली. आढं मात्र गोठ्याचंच राहिलं. घराच्या माथ्यावरच्या ज्या आडव्या लाकडावर सगळं छप्पर तोललेलं असतं, ते आमच्याकडे मधोमध तडकलेलं होतं आणि त्याला खालून टेकू दिलेला होता. आई अंथरूण घालताना आधी वर बघायची, मग ठरवायची आम्हाला कुठे निजवायचं ते. तिचं वडिलांकडे एकच मागणं होतं, आढं बदला.

दोन्ही शेतांच्या मधल्या बांधावर एक आंबा होता, सामाईक. वळवाच्या वादळात तो मुळासकट आडवा झाला. खोड सरळ होतं आणि आढ्याला लांबीने पुरेसं होतं. वडील कुऱ्हाड घेऊन फांद्या तोडायला गेले, तोवर चुलता येऊन खोडावर पाय ठेवून उभा राहिला.

"अर्धं माजं हाय," तो म्हणाला. "मधोमध काप आन् तुजं तू ने."

अर्ध्या खोडाचं आढं होत नाही, हे त्यालाही ठाऊक होतं. त्याला त्या लाकडाची काडीइतकी गरज नव्हती. आमची गरज भागू नये, एवढीच त्याची गरज होती. वडील कुऱ्हाड खांद्यावर टाकून परत आले आणि आईशी दोन दिवस बोलले नाहीत, जसं काही तिनेच अडवलं होतं.

खोड बांधावर पडून राहिलं. पावसात त्याच्यावर अळंबी आली, घोसच्या घोस. चुलतीने खोडाच्या मध्यावर एक लाल चिंधी बांधली. चिंधीच्या अलीकडची आमची, पलीकडची त्यांची. मी एकदा मुद्दाम पलीकडचा घोस तोडला, तर तिने तो माझ्या ओच्यातून काढून घेतला आणि गाईपुढे टाकला. गाईनेही तो खाल्ला नाही. संध्याकाळी चुलतीच्या घरातून काळ्या मसाल्याचा आणि भाजलेल्या खोबऱ्याचा वास यायचा आणि माझ्या तोंडाला पाणी सुटायचं, याचाही मला राग यायचा.

आईने आमच्या बाजूची अळंबी कधी तोडली नाही. शेजारणीने विचारलं तेव्हा ती म्हणाली, "माजं आढं सडतंय तितं. त्याचं कालवण करून खाऊ व्हय?"

दुसरा पावसाळाही तसाच गेला. मग चुलत्याच्या मुलीचं लग्न ठरलं. सख्खा भाऊ मांडवात नाही म्हणजे व्याह्यांपुढे नाक कापलं जाणार, म्हणून भावकी मध्ये पडली आणि वडील गेले. तिथे सगळ्यांच्या देखत चुलता उभा राहिला आणि म्हणाला, "त्या आंब्यातला माजा वाटा म्या सोडला. धाकट्यानं न्यावा." भावकीने माना डोलावल्या. काय मन, काय मोठेपणा. वडिलांच्या डोळ्यांत पाणी आलं. चुलत्याला मी कधी माफ केलं नाही, पण त्या पाण्याबद्दल वडिलांनाही केलेलं नाही.

खोड दारात आलं तेव्हा आईने मुसळ आणून त्याच्यावर जागोजाग ठोकून पाहिलं. टोकाला ते खणखणीत बोललं. मध्यावर बद्द आवाज आला.

"आतून गेलंय ह्ये," ती म्हणाली.

"मांडवात दिल्यालं लाकूड ठोकून बघत न्हाईत," वडील म्हणाले. "उद्या त्याच्या कानावर गेलं म्हंजे? आन् खायाची अळंबी येती त्याच्यावर. वंगाळ लाकडावर इखाची येती."

हे वडिलांच्या डोक्यातून निघालेलं नव्हतं. आमच्याकडे सगळं गाव तसंच धरून चालायचं की जे खाता येतं ते चांगल्या लाकडावरच येणार. बाभळीच्या कुजक्या बुंध्यावर काळी छत्री येते, तिला कुणी हात लावत नाही. म्हणून बाभूळ वाईट. या आंब्यावरची तर चुलतीने दोन पावसाळे मिटक्या मारत खाल्ली होती. इतका पुरावा वडिलांना पुरला. सुताराने वरची साल आणि कुजका थर तासून काढला, आतून पिवळसर लाकूड निघालं, आणि कौलं उतरवून ते वर चढलं. नारळ फुटला. जेवायला चुलता पहिल्या पंगतीला होता आणि त्याने पुरणपोळी मागून घेतली.

त्या थंडीत माझा भाऊ जन्मला. त्याची झोळी नव्या आढ्याला टांगली. आई त्या दिवसांत वर बघायची सोडून मुलाकडे बघायची, गुणगुणायची. मला वाटलं, जाऊ दे, संपलं एकदाचं.

श्रावणात एका सकाळी मी झोळीला झोका देत होते आणि माझ्या हातावर ओलसर भुसा पडला. वर पाहिलं तर दोरीच्या गाठीशेजारी आढ्यातून पांढरा कान बाहेर आला होता. त्याच्या पलीकडे आणखी तीन. मी आईला हाक मारली. वडील शिडी लावून वर चढले, अळंबी तोडून हातात घेतली, वास घेतला आणि आईला दाखवली.

"बघ," ते म्हणाले, "खायाचीच हाय."

आईने त्यांच्याकडे पाहिलं सुद्धा नाही. मुलाला माझ्याकडे दिलं, झोळी सोडली, खांद्यावर टाकली आणि अंगण ओलांडून सरळ जुन्या घरात गेली. मी मागोमाग. माजघरात उतरंडीशेजारचं पिंप पालथं घालून ती त्यावर चढली आणि सागाच्या आढ्याला झोळी बांधू लागली. चुलती पीठ मळलेल्या हातांनी आतून आली. "ह्ये काय चालवलंयस?"

"हितलं आढं सागाचं हाय," आई म्हणाली, आणि गाठ ओढून पक्की केली.

चुलतीने कांगावा केला, चुलता ओसरीवर येरझाऱ्या घालत राहिला. पण तान्ह्या मुलाची झोळी सोडायला भावकीतलं कुणी धजावलं नाही, आणि सोडली तर गाव काय म्हणेल हे चुलत्यालाही कळत होतं. आम्ही तिथेच राहिलो. वडील मात्र हट्टाने पलीकडेच निजायचे, आढ्याला नवा टेकू देऊन.

भादव्यात, सगळे भाताच्या खाचरात असताना, आमचं छप्पर बसलं. आत कुणी नव्हतं. चुलता जाऊन पाहून आला आणि माजघराच्या दारात उभा राहून आळीला ऐकू जाईल इतक्या मोठ्याने बोलू लागला, "लाकूड चांगलं दिल्यालं म्या. भिंतीच कच्च्या घातल्या ह्यानं. आता माज्यावर खापर फोडतील."

थोरल्या दिरासमोर आमच्याकडच्या बाया पदर ओढून उभ्या राहतात. बोलायचं असेल तर जावेला सांगतात. लग्न झाल्यापासून माझी आई त्याच्याशी एक शब्द बोललेली नव्हती. झोळीची दोरी हातात धरून ती बसली होती. तिने पदर ओढला नाही.

"भावजी," ती म्हणाली, "हळू बोला. पोर निजलंय माजं."

चुलता स्वतःच्या घरातून पाय न वाजवता बाहेर गेला. आम्ही त्या घरातून पुन्हा निघालो नाही.