मशीनला न पेलणाऱ्या अक्का

आमच्या घरात झाकणाला फार मान आहे. माझ्या सासूबाई, ज्यांना अख्खं गाव अक्का म्हणतं, त्यांनी लावलेलं झाकण उघडायला घरातला गडी माणूस बोलवावा लागतो. पापड, शेवया, बिबडे, डाळी, सगळं घट्ट. 'सादळलं' हा शब्द त्यांच्या तोंडून आला की समजावं, आज कुणाची तरी खैर नाही, आणि ते कुणीतरी बहुधा मीच असते. मी बोदवडची. तिकडे हवाच अशी कोरडी की डबा उघडा राहिला तरी पापड मोडताना आवाज करतो. इथे धरणाचं पाणी परसापर्यंत आलेलं. लग्न होऊन आले तेव्हापासून मी झाकणांच्या परीक्षेत नापास होते आहे.

या पाण्याच्या पलीकडे आमची थोडी केळी आहे आणि तिथल्याच गावात अक्कांची थोरली बहीण राहते. रस्त्याने जायचं तर पुलावरून मोठा वळसा. म्हणून आमच्या ह्यांनी मासेमारीच्या एका ठेकेदाराकडून जुनी होडी घेतली आणि तिच्या मागे लावायचं त्याहून जुनं पेट्रोलचं मशीन. ठेकेदाराने जाताना बऱ्याच सूचना दिल्या. पेट्रोलमध्ये ऑइल मिसळायचं, पंख्यात शेवाळ अडकलं तर काढायचं, निघताना टाकीच्या झाकणावरचा छोटा स्क्रू सैल करायचा, घरी आणताना घट्ट करायचा. ह्यांनी सगळं पाठ केलं. लग्नात मंगलाष्टकांकडेसुद्धा इतकं लक्ष नव्हतं.

दर उन्हाळ्यात या दोघी बहिणी मिळून बिबडे करतात. ज्वारी भिजवायची, दळायची, तिचा घाटा शिजवून घोटायचा आणि पहाटे ओल्या कापडावर थापायचा. घाटा घोटायला मनगट लागतं. थोरल्या मावशींचं मनगट आता राहिलं नाही, सगळी भिस्त अक्कांवर. त्या दिवशी मावशींचा फोन आला की ज्वारी भिजवली, ये. भिजवलेली ज्वारी कुणासाठी थांबत नाही. अक्का डब्यांची चळत घेऊन होडीत बसल्या.

होडी छान निघाली आणि मधोमध गेल्यावर मशीनचा जीव घाबरा झाला. आधी आवाज बारीक झाला, मग धाप लागली, मग बंद. ह्यांनी टाकीचं झाकण काढून पेट्रोल बघितलं, भरपूर होतं. झाकण लावून दोरी ओढली तर चालू. थोडं गेलं आणि पुन्हा बंद. शेवटी वल्ही मारत परत आले. अक्का काठावर उतरल्या त्या तडक घराकडे चालू लागल्या.

ह्यांनी प्लग बदलले, कार्बोरेटर उघडून साफ केला, पेट्रोलची जाळी धुतली, पंख्याला गुंडाळलेली नायलॉनची जाळी कापून काढली. मग एकटे जाऊन आले. मशीन तक्रार न करता गेलं आणि आलं. दुसऱ्या दिवशी अक्का बसल्या. मधोमध बंद.

तेव्हा दीपनगरहून मामांना बोलावलं. मामा म्हणजे अक्कांचे धाकटे भाऊ. सारी नोकरी वीज केंद्रात झाली, आता निवृत्त आहेत, पण कंट्रोल रूम अजून डोक्यात चालू असते. त्यांनी मशीनभोवती एक फेरी मारली, दोरी एकदा ओढली आणि निकाल दिला की मशीन उत्तम आहे, लोड जास्त आहे. लोड जास्त झाला की काय करतात? कमी करतात. आधी डबे उतरवले. फरक पडला नाही. मग त्यांनी बहिणीकडे बघितलं.

"अक्का, तू उतर."

अक्का उतरल्या. मशीन पलीकडे जाऊन आलं. मामांनी हात असे झटकले की जणू अख्ख्या खानदेशाचा वीजपुरवठा त्यांनीच सुरळीत केला.

अक्का अंगाने भरल्या आहेत, हे खरं आहे. पण ते आजवर घरात कुणी मोठ्याने म्हटलं नव्हतं. त्या रात्री त्यांनी भाकरीवर तूप घेतलं नाही. सकाळी चहात साखर नको म्हणाल्या. ह्यांनी गाडी करून देतो म्हटलं तर म्हणाल्या, जाईन तर होडीनेच जाईन, नाहीतर जाणार नाही. मला मामांचा असा राग आला की त्यांच्या चहात मी साखर दुप्पट घातली. डॉक्टरांनी त्यांना बंद केली होती ती. तेवढाच माझ्या हातातला लोड.

मामांना मात्र पुरावा हवा होता. अक्कांच्या वजनाएवढा माल भरून मशीन बंद पाडून दाखवायचं ठरलं. मामा अक्कांना केळी तोलायच्या काट्यावर उभी राहा म्हणाले. अक्कांनी त्यांच्याकडे अशा नजरेने पाहिलं की मामा काट्यापासूनच दूर झाले. मग त्यांनी नजरेने अंदाज करायचं ठरवलं आणि सख्ख्या बहिणीभोवती दोन्ही बाजूंनी फिरून केळीचे घड मोजायला लागले. अक्का ओट्यावरून बघत होत्या. इतके घड कशाला, दोन काढ, असं त्यांनी बजावलं. मामांनी दोन काढले आणि त्या आत वळल्यावर परत ठेवले.

घड बसले, हे बसले, होडी गेली. मधोमध गेली, पलीकडे गेली, वळली, परत आली. मशीन एकदाही खोकलं नाही.

मामांनी होडीतले घड पुन्हा एकदा मोजले. मग म्हणाले, "लोड नाही मग. मशीनला अक्काच चालत नाही."

ते गमतीत म्हणाले, आणि हे हसलेसुद्धा. पण वजन कमी करता येतं, यावर माणूस काय करणार? अक्कांनी डब्यांची चळत उचलून घरात नेली आणि भिंतीकडे तोंड करून बसल्या. तेवढ्यात मावशींचा फोन आला. ज्वारीला वास यायला लागलाय, येतेस की टाकून देऊ? अक्कांनी फोन माझ्या हातात दिला. त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं. झाकणावरून मला इतकं बोललेली ही बाई, पण तिला असं बघवेना. मी मावशींना सांगितलं, ज्वारी दळून आणा, आम्ही येतोय.

मला पोहता येत नाही. होडीत बसायची माझी ही पहिलीच वेळ. मामा हात बांधून काठावर उभे राहिले. ह्यांनी सवयीप्रमाणे टाकीचा स्क्रू सैल केला, दोरी ओढली आणि मागे मशीनपाशी बसले. टाकी मधल्या फळीजवळ होती, अक्कांच्या डब्यांना खेटून. मी फळीला दोन्ही हातांनी धरून, डोळे पायाकडे लावून बसले, कारण पाण्याकडे बघायची छाती नव्हती.

म्हणून मला दिसलं. पेट्रोलचा वास आला तशी अक्कांनी पदर नाकाला लावला. मग एकेका डब्यावर हात फिरवत झाकणं तपासली, आणि त्याच ओघात पेट्रोलच्या टाकीचंही. स्क्रू सैल लागला. त्यांनी तो पिळून घट्ट केला आणि नापसंतीने मान हलवली. मागे बसलेल्या ह्यांना अक्कांच्या पाठीपलीकडचं काहीच दिसण्यासारखं नव्हतं.

माझ्या पायाशी पेट्रोलच्या नळीत एक रबरी गोळा होता, तो हळूहळू चपटा व्हायला लागला. मशीनचा आवाज बारीक झाला. आणि माझ्या डोक्यात आमच्या स्वयंपाकघरातला तेलाचा डबा आला. त्याला आपण दोन भोकं पाडतो, एक तेल ओतायला आणि एक हवा जायला. एकच पाडलं तर तेल गुचक्या देतं आणि थांबतं.

सांगायला तोंड उघडलं होतं मी. पण काठावर मामा दिसत होते. हे सांगितलं असतं तर त्यांनी पुढच्या प्रत्येक लग्नात, प्रत्येक बारशाला अक्कांच्या हाताची गोष्ट रंगवून सांगितली असती. केळीच्या घडांनी मोजून झालं होतं तेवढं पुरे होतं. मी वाकून पैंजण नीट केल्यासारखं केलं आणि स्क्रू सैल केला. गोळा फुगला, मशीनने पुन्हा आवाज धरला.

थोड्या वेळाने अक्कांनी परत तपासलं आणि घट्ट केलं. मी परत सैल केलं. पाणी संपेपर्यंत आमचं हेच चाललं होतं. पोहता येत नाही, याची आठवणसुद्धा मला राहिली नाही.

काठ लागला तेव्हा ह्यांनी मोठ्याने हाक मारून पलीकडच्या मामांना यश कळवलं. नंतर मामा सांगायचे की त्यांनी सकाळी मशीनच्या डोक्यावर पान्याने एक ठोका दिला होता, त्याचाच हा गुण.

पहाटे मावशींच्या अंगणात अक्कांनी बाह्या सारल्या आणि घाटा घोटायला घेतला. मावशी पातेलं धरून बसल्या होत्या. त्यांनी विचारलं, मशीन तुला नेत नव्हतं ना, मग आज कसं आणलं? अक्का न थांबता, माझ्याकडे मान उडवून म्हणाल्या, "इले झाकन लावनं अजून येत नही. होडीत पन सगयं उघडं टाकत होती, मी पाहू राहिली होती. पन इले सोबत घेतल्याशिवाय मशीन चालत नही."

मावशींनी माझ्याकडे बघितलं. मी मान खाली घालून कापड ओलं करत राहिले.

तेव्हापासून अक्का पलीकडे निघाल्या की आधी मला हाक मारतात. मी हातातलं काम टाकून जाते. त्या डबे बाजूला सारून फळीवर माझ्यासाठी जागा करतात, आणि मी त्यांच्या शेजारी, टाकीच्या बाजूला बसते.