गंगाक्काच्या म्हशी आणि बार्लीचा चोथा

गंगाक्का गेली त्याला दीड महिना झाला. त्या दिवशी सकाळी तिचा मुलगा सदा दारात आला, "काकू, आई गेली," एवढंच म्हणाला, आणि माझ्या तोंडून निघालं काय, तर "म्हशीला पाणी दाखवलंस का रं?" म्हशी जाऊन किती वर्षं झाली... पण गंगाक्का म्हटलं की म्हैस आलीच.

खासबागेतल्या आमच्या गल्लीला लागून तेव्हा बिअरचा कारखाना होता, इंग्रजांच्या वेळचा. आमचे हे तिथं बाटल्या धुण्याच्या खात्यात. भट्टीतून उपसलेला बार्लीचा चोथा सकाळी वाफाळत फाटकाशी यायचा आणि म्हशीवाल्या बायका घमेली घेऊन पळायच्या. सगळ्यांत पुढं गंगाक्का. मी नवी नवरी, नाकाला पदर लावून दारात उभी. निपाणीत तंबाखूच्या वखारीला लागून वाढलेली मी राणी, आणि म्हणे मला बार्लीचा वास सोसत नाही!

थोरला झाला आणि मला दूधच उतरेना. पोर रडून रडून थकायचं, मग त्याचा आवाजही येईना. गंगाक्का मला प्यायला तांब्याभर दूध घेऊन आली. मी तोंड फिरवलं.

"दारूचा चोथा खाणाऱ्या म्हशीचं दूध! बाळाला चढली म्हणजे?"

आक्का हसत हसत उंबऱ्यातच बसली. "माझी म्हैस कधी गटारीत लोळताना बघितलीस व्हय गं? लोळत्यात ती गल्लीतली बाप्यं!"

"मी माहेरी जाते."

"जा की. पर आधी पी. उपाशी पोर घिऊन यष्टीत बसणार व्हय?"

प्यायले. मग तिनं गरम चोथा जुन्या लुगड्यात बांधून माझी पाठ शेकली, आणि रोज शेकत राहिली. हळूहळू दूध उतरलं, पोरानं अंग धरलं. माहेरी जायला भरलेली ट्रंक मी कधी रिकामी केली, खरंच आठवत नाही. थोरला आता स्वतः आजोबा झालाय. त्याच्या हाडांत त्या कारखान्याची बार्ली आहे आणि गंगाक्काची माया.

पुढं कारखाना बंद पडला, म्हशी एकेक करून विकल्या गेल्या. गोठ्यात उरली चाऱ्याची दगडी डोण, म्हशींच्या जिभांनी आतून गुळगुळीत झालेली. परवा सदा म्हणाला, "काकू, ही काढून इथं गाडी लावू काय?"

मी जाऊन डोणीच्या काठावरच बसले. "लाव की. आधी मला उठवून दाखव."

तो हसत चहा सांगायला आत गेला. आता रोज संध्याकाळी मी तिथंच असते.