जिदहफ्सचं गाढव, अमेरिकेचा घोडा

मी आयुष्यात एकच कादंबरी लिहिली, आणि तिच्यातला घोडा मुळात गाढव होता.

एकोणीसशे सत्तरचं दशक संपत आलं होतं. मी बहरीनमध्ये सित्र्याला रिफायनरीत ड्राफ्ट्समन होतो. दिवसभर पाइपांच्या रेघा मारायच्या, कंपनीच्या बसने कॅम्पवर यायचं आणि आपल्या खाटेवर बसून समोरच्या भिंतीकडे बघायचं. बायको कणकवलीजवळच्या गावात, शाळेत मराठी शिकवायची. कॉन्ट्रॅक्ट वाढवलं की मी तिला सांगायचो, "हे शेवटचं." असं तिसऱ्यांदा सांगून झालं होतं.

त्याच सुमारास आमचा एक म्हातारा अमेरिकन इंजिनिअर नोकरी संपवून निघाला. जाताना त्याने टेबलाचा खण माझ्यापुढे उपडा केला. त्यात त्याच्या आजोळच्या गावाने छापलेली इतिहासाची एक पातळ पुस्तिका होती. तिच्यातलं अर्धं पान मला सोडेना. वाळवंटात टपालगाडीचे घोडे बदलायची एक चौकी, तिथे एकटाच माणूस. पुढे रेल्वे आली, टपालगाडी बंद झाली, पण हे त्याला कळवायचं राहूनच गेलं. तो घोड्यांना दाणापाणी करत, गाडीची वाट बघत तिथेच मेला. त्याचं नावही कुणी लिहून ठेवलं नव्हतं.

वाचताना वाटलं, या माणसाची खाट आपल्याच खोलीत आहे.

झालं, लिहायला बसलो. त्या अर्ध्या पानाभोवती लुटारू घातले, पिस्तुलं घातली, दारूचे गुत्ते उघडले. अडचण एकच होती. घोडा मी जवळून कधी पाहिलाच नव्हता. मग शुक्रवारी जिदहफ्सच्या बाजारात जायचं आणि भाजीच्या गाडीला जुंपलेल्या पांढऱ्या गाढवाचं निरीक्षण करायचं, असा अभ्यास सुरू केला. भाजीवाल्याला वाटायचं, मला गाढव विकत घ्यायचंय.

माझा पहिला श्रोता म्हणजे शेजारच्या खाटेवरचा मालवणचा वेल्डर.

"मेल्या, तुझो घोडो भर लढाईत कान पाडून उभो रवता. ह्यो घोडो की गाढाव?"

"अमेरिकेतली जात वेगळी असते."

"आणि तो पिस्तुलवालो गुत्त्यात शिरताना बूट भायर काढता, ती पण थयलीच रीत?"

मला कोणता प्रकाशक दारात उभं करणार? स्वखर्चाने छापायचं ठरवलं. सुट्टीवर निघालेल्या कुणाच्या तरी बॅगेतून हस्तलिखित गावी गेलं. तालुक्याच्या ठिकाणी लग्नपत्रिका छापणारा एक छापखाना होता. प्रुफं बायकोने तपासायची होती. पुढच्या वर्षी वेल्डर रजेवरून परतला तो पुस्तकांचा गठ्ठा घेऊनच, आणि सोबत बायकोची एक कॅसेट. तेव्हा आम्ही आवाज असेच पाठवायचो.

मी आधी शेवटचं पान उघडलं. माझा चौकीवाला घोड्याच्या मानेवर डोकं टेकून मरतो. छापलेल्या पुस्तकात तो एका सकाळी तबेल्याचं दार उघडतो, एक ठेवून बाकीचे घोडे सोडून देतो आणि त्या एकावर बसून घरी जातो. दारात बायको म्हणते, "हातपाय धुवून घ्या, पिठलं टाकते." अमेरिकेत!

कॅसेट लावली.

"अहो, ऐकताय ना? शेवट मी बदललाय. छापखान्यात सांगितलं, लेखकानेच कळवलंय म्हणून. त्याला बिचाऱ्याला कुणी सांगितलं नाही, म्हणून तो बसून राहिला. तुम्हाला मी सांगतेय. पुरे झालं आता."

टेप बंद करायला विसरली असावी. बराच वेळ नुसता विहिरीचा रहाट करकरत राहिला.

"हा इतिहासाचा खून आहे!" मी ओरडलो.

"इतिहासाचा ऱ्हवांदे," वेल्डर म्हणाला. "वैनी काय म्हणतत ता आयकलंस?"

लेखकाच्या स्वातंत्र्यावर मी अर्धी कॅसेट भरली. ऐकून बघितली आणि पुसून टाकली. त्या जागी एवढंच बोललो, "येतो, इंशाल्ला." माझ्या तोंडच्या इंशाल्लाचा अर्थ तिला एव्हाना पाठ होता.

कादंबरीतला माणूस एका परिच्छेदात घरी पोचला. मी कॉन्ट्रॅक्ट पुन्हा वाढवलं. वेल्डर हिद्दला दुसऱ्या कामावर गेला. त्याच्या खाटेवर आलेल्या माणसाची आणि माझी भाषा जुळेना, शिफ्टही जुळेना. पुस्तकं खपली नाहीत. गठ्ठा खाटेखाली पडून होता, आणि वाचून दाखवायला कुणीच नव्हतं. शुक्रवारी मात्र सवयीने जिदहफ्सला जायचो. लिहायचं काही उरलं नव्हतं, तरी गाढवासमोर उभा राहायचो. बहरीनमध्ये मला ओळखणारं तेवढंच एक उरलं होतं.

एका शुक्रवारी गाढवाच्या जागी पिकअप उभा होता. भाजीवाला तोच.

"गधा?" मी विचारलं.

"मफी," तो हात झटकत म्हणाला. "खलास. कितने महिने हो गये!"

म्हणजे मी इतके महिने तिकडे फिरकलोच नव्हतो की काय? ओव्हरटाइमच्या नादात शुक्रवारही गेले होते. उन्हात त्या पिकअपपाशी मी किती तरी वेळ उभा राहिलो.

शनिवारी ऑफिसात जाऊन राजीनामा दिला.

गावी पोचलो तेव्हा ती दारातच होती. कादंबरीतलं वाक्य येणार म्हणून मी पायातले बूट काढून तयारच होतो. तिने आधी माझ्या मागे रस्त्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"घोडा कुठं बांधलात?" म्हणाली.