शून्याचा अर्थ

नववीतल्या एका मुलीवर मी खोटा संशय घेतला आणि तो तिच्या वडिलांना फोन करून कळवलाही.

मी कारंज्याच्या एका वाचनालयात ग्रंथपाल. परत आलेल्या कादंबऱ्यांच्या शेवटच्या पानावर पेन्सिलीनं आकडे दिसू लागले. ९, ११, ०. दुसरीत ६, १४, ०. मला वाटलं, भेटीगाठी ठरताहेत. नऊ तारीख, अकरा वाजता. शून्याचा अर्थ लागेना, तो सोडून दिला.

इश्यू रजिस्टर, म्हणजे पुस्तक कोणी नेलं याची वही, तपासलं. सगळी पुस्तकं कामरगावच्या वैष्णवीच्या कार्डावर. नऊ तारखेला अकरा वाजता मी स्वतः एसटी स्टँडवर पाळत ठेवली. कोणी आलं नाही. म्हणजे पोरगी हुशार, असा मी निष्कर्ष काढला. कार्ड बंद केलं. वडिलांना फोन लावला, “मुलीवर लक्ष ठेवा.”

तिसऱ्या दिवशी तिची आई काउंटरसमोर उभी.

“काय सांगतलं तुमी फोनवर? पोरीची शाळा बंद केली तिच्या बाबानं.”

मी पुस्तक पुढं सरकवलं. “हे आकडे बघा.”

“ते म्या लिवले.”

“तुम्ही?”

“पोरीच्या आदी मी वाचतो. कादंबरीतल्या बाईनं चहा कितीदा केला, तो पयला आकडा. कितीदा रडली, तो दुसरा. सोताच्या मनानं काई केलं का, तो तिसरा.”

“हे मोजता कशाला?”

“तिले जनावराईची डॉक्टर व्हायचं हाय. तिसरा आकडा शून्य असला का ते पुस्तक मी तिले देतच नाई. वापस.”

मी तिच्यासमोरच वडिलांना फोन लावला. चूक माझी, असं दोनदा म्हणावं लागलं. मग ते म्हणाले, “उद्यापासून धाडतो शाळेत.”

रजिस्टर पुस्तक कोणी नेलं ते सांगतं, कोणी वाचलं ते नाही. चोवीस वर्षं ते सांभाळून मला हे आता कळलं.

भरपाई म्हणून मी बाईंचं स्वतंत्र कार्ड करायला घेतलं. ‘वाचकाचे नाव’ या रकान्यात सुवाच्य अक्षरात लिहिलं, ‘वैष्णवीची आई.’

तिनं काउंटरवरून वाकून ते वाचलं. माझ्या टेबलावरची पेन्सिल उचलली आणि नावापुढं शून्य काढलं.

“मले नाव हाय, भाऊ. तुमी बी त्या कादंबरीवाल्याईतलेच निंगाले.”